घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



अंथरुणाला पाठ टेकताच एखादा गृहस्थ घोरू लागला, की घरातील मंडळी म्हणतात, 'किती निवांत झोप लागली!' तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी पेढीवर गादीवर बसल्या बसल्या पेंगतो, प्रवचनात डुलक्या घेतो; तेव्हा मात्र त्याला आळशी ठरवले जाते. बहुधा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे इतका अरुंद होतो, की श्वास काही काळ थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि धापेसरशी श्वास पुन्हा सुरू होतो. अशा किमान 10 सेकंदांच्या खंडाला वैद्यकशास्त्रात 'अ‍ॅप्निया' म्हणतात. तासाला 30 किंवा अधिक वेळा श्वासात असा अडथळा येत असेल, तर विकार तीव्र मानला जातो. म्हणजे सात तासांची झोप खात्यावर जमा दिसते. प्रत्यक्षात ती दोनशेहून अधिक वेळा मोडलेली असते.

चार्ल्स डिकन्सच्या 1836-37 मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत सतत झोपी जाणारा जो नावाचा लठ्ठ मुलगा आहे. वाचक त्याला हसत आले. पुढे 1956 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अतिस्थूलता व मंद श्वसनाशी निगडित अशा विकाराला त्याच कादंबरीचे नाव दिले. ज्याला जग हसले, तो कदाचित रुग्णच होता!

सकाळी डोके जड असणे, तोंडाला कोरड, रात्री वारंवार लघवीस उठणे, चिडचिड, विसराळूपणा आणि औषधे घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. हा विकार केवळ स्थूल पुरुषांचा नव्हे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये आणि टॉन्सिल्स वाढलेल्या बालकांमध्येही तो आढळतो. उपचार न झाल्यास हृदयावर ताण येतो आणि वाहन चालवताना लागलेली एक डुलकी प्राणघातक ठरते.

निदानाचा मार्ग सोपा आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेल्या 'एपवर्थ' प्रश्नावलीत आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता विचारली जाते. एकूण 24 पैकी 10 हून अधिक गुण आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कान-नाक-घसा अथवा छातीविकार तज्ज्ञ रात्रभर झोपेची तपासणी करवतात. तीत शरीरावर केवळ तारा चिकटवतात, वेदना नसते. काही रुग्णांची तपासणी घरीही होऊ शकते. वजन घटवणे, कुशीवर झोपणे यांचा अनेकांना लाभ होतो. गरजेनुसार डॉक्टर 'सीपॅप' यंत्र सुचवतात. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ही उपचारपद्धती जगापुढे आणली. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत.

या आजाराचे वैशिष्ट्य हे, की रुग्णाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. 'मी घोरतच नाही' असे तो प्रामाणिकपणे सांगतो. खरा साक्षीदार असतो शेजारी जागणारा जीवनसाथी. त्याने चार रात्री लक्ष द्यावे, श्वास थांबतो का पाहावे, शक्य तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे आणि डॉक्टरांकडे स्वतः सोबत जावे. निद्रिताचे रक्षण जागणाऱ्याच्या हाती आहे.