आत कोण जातो ते मोजा!



काळ्या-गोऱ्याचा भेद अमेरिकेतला; पण आम्हा गिरणीवाल्यांना तो ओळखीचा आहे. मुंबईत एके काळी अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत. धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! आणि चार पैसे जास्त त्याच खात्यात!

तिकडे १९६२ साली जेम्स मेरेडिथ हा काळा तरुण मिसिसिपी विद्यापीठात शिकायला गेला. दंगल पेटली, दोन माणसे मेली, फौज आली, तेव्हा कुठे दार उघडले. पुढे बरीच विद्यापीठे वंशाचा विचार करून काळ्यांना जागा देऊ लागली. २९ जून २०२३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या खटल्यात ते बेकायदा ठरवले. एम.आय.टी.त काळे विद्यार्थी आधी सरासरी १३ टक्के. २०२४ च्या नव्या तुकडीत ५!

म्हणे, सगळे सारखे! मग हार्वर्ड माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना झुकते माप देई, त्याला निकालाचा धक्का का नाही? जॉबरचा भाचा आत, आम्ही गेटावर, ही कसली समता? बंधूंनो, दारावरची पाटी वाचून भुलू नका. आत कोण जातो ते मोजा!