कॅसेटमधली वारी आणि चित्रांची वही
(शताब्दी सप्ताहात केलेले भाषण)

आज मला कीर्तनाला उभं केलेलं नाही. दिंडीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं काय झालं, ते चार लोकांना कळेल असं सांगा, एवढंच अध्यक्षांनी सांगितलंय. मी चौथी शिकलेला माणूस. कॉम्प्युटरमधलं मला कळतं ते नातवंडांनी सांगितलेलं. पण कॅसेटीत कोण आहे आणि कुठला मुक्काम आहे, ते नातवंडांना कळत नाही, ते मला कळतं. म्हणून दोघांची जोडी जमली.

मुंबईला माथाडीत कामाला असलेल्या आपल्या मंडळींनी पहिल्यांदा वारीत कॅमेरा आणला. तेव्हापासून ज्याला जमेल त्यानं घेतलं. कॅसेटी मठाच्या माडीवर लाकडी पेटीत पडल्या. 2020 आणि 2021 ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आपण घरी बसलो. तेव्हा म्हातारी माणसं म्हणायला लागली, जुनी वारी तरी दाखवा रे. पेटी खाली आणली, मोजल्या, 41 भरल्या. वर काय लिहिलेलं? "वारी". दुसरीवर "वारी". तिसरीवर "दिंडी, जपून ठेवा". एकीवर "वारी" लिहिलं होतं आणि आत निघाली हळद. कुणीतरी वारीवर लग्न भरलं होतं! कॅसेटच्या कडेला एक प्लास्टिकची बारीक टिकली असते. ती मोडून टाकली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ज्यांच्या घरी कॅसेटी आहेत त्यांनी आधी ती टिकली मोडा.

दुसरं म्हंजे बुरशी. काचेतून आत फितीची गुंडाळी दिसते, तिच्या कडेवर पांढरं पीठ धरलेलं असलं तर ती कॅसेट मशीनला लावू नका. फीत तुटते, मशीनचं डोकं घाण होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीला तोच रोग लागतो. आपल्या सहा कॅसेटी अशा निघाल्या. त्या पुण्याला साफ करून आणल्या, त्यातली एक गेली ती गेलीच. आणि मशीनचं म्हणाल तर व्हीसीआर करणारा शेवटचा कारखाना 2016 ला बंद झाला. आता जुनं, दुरुस्त केलेलं मिळेल तेवढंच.

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला घाई चालत नाही. गव्हाला मळणीयंत्र आलं, दिवसाचं काम तासावर आलं. इथं तीन तासांच्या कॅसेटीला तीनच तास लागतात. पोरं रात्री पाळीपाळीनं बसली, रानात पाण्याची पाळी धरावी तशी. सगळं उतरलं तेव्हा तळहाताएवढ्या डब्यात चाळीस कॅसेटी मावल्या.

पण खरी अडचण तिथंच सुरू झाली. पेटीत असताना निदान "जपून ठेवा" तरी लिहिलेलं होतं. डब्यात नुसते आकडे. आक्का म्हणाल्या, मला बाजीरावाच्या विहिरीचं रिंगण दाखव. कुठल्या आकड्यात आहे ते कुणाला माहीत? शंभरावर तास बघत बसायचं का? यादी लिहिली तरी निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, आणि "वारी भाग दोन" वाचून वाचणाऱ्याला तरी काय कळणार?

मग पोरांनी चित्रांची वही काढली. कॉम्प्युटरला सांगायचं, दर पाच मिनिटाला एक चित्र उचल. तीन तासांची 36 चित्रं होतात. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तास-मिनिटं येतात. कागद बघायचा, बोट ठेवायचं, तेवढी वेळ काढून तिथून लावायचं. हे करणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. पहिल्यांदा 36 चित्रं एका कागदावर छापली. पोरांना दिसली, आम्हाला मुंग्या दिसल्या. मग एका कागदावर बारा घेतली. कॅसेटीला तीन कागद लागतात, लागू द्या.

आता यंत्र ते यंत्रच. त्याला घड्याळ कळतं, वारी कळत नाही. कीर्तनाच्या कॅसेटीत त्यानं दर पाच मिनिटाला तेच बुवा उचलले. दोन तास बुवा एका जागी, फेटा तेवढा सरकतो. तिथं सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र पुरे. उलट रिंगणाचं बघा. अश्व धावला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, सगळं आटपतं किती वेळात! यंत्रानं आधी एक चित्र उचललं ते कुणाच्यातरी पाठीचं, नंतर उचललं ते नुसत्या धुळीचं. मधलं सगळं रिंगण गेलं. कागद बघणारा म्हणणार, यात रिंगणच नाही. म्हणून रिंगण, नीरास्नान, काकडा, समाज आरती इथं आम्ही बसून हातानं चित्रं निवडली. नदीवर माउल्यांच्या अंघोळीचं जे आलं होतं ते मात्र वहीत घेतलं नाही. एकदोघं म्हणाले, सगळं आहे तसं ठेवा. मी म्हणालो, तुमच्या घरातली असती तर? विषय मिटला.

साल ठरवणं हे दुसरं कोडं. कॅमेऱ्यानं कोपऱ्यात तारीख टाकलेली असते, पण घड्याळ लावलेलं नसलं तर 1 जानेवारी दाखवतो. पावसात इरली घेतलेली माणसं आणि तारीख 1 जानेवारी! जिथं घड्याळ बरोबर होतं तिथं तिथीनं काम झालं. 1996 ला आषाढच अधिक होता, म्हणून एकादशी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेली. 1998 ला ती जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आली. मग लोणंदचा मुक्काम कुठल्या तारखेला दिसतोय ते बघायचं, साल सापडतं. बाकीच्यांना भिशीची वही लावून बघितली. त्या साली ट्रक कुणाचा होता, तंबू नवा कधी घेतला, सगळं खर्चात आहे. नवा तंबू चित्रात दिसला की साल त्याच्या आधीचं नाही.

साल लागलं, गाव लागलं. माणसं लागेनात. पोरांना विचारलं तर ती म्हणतात, एक आजोबा, दुसरे आजोबा. म्हणून दर एकादशीला फराळानंतर कागद मठात मांडायला सुरुवात केली. म्हातारी माणसं चेहऱ्यावरनं ओळखतात असं मला वाटायचं, पण बायाबापड्या पदर खोचायच्या पद्धतीवरनं ओळखतात, डोक्यावरच्या वृंदावनाच्या रंगावरनं ओळखतात. एका विणेकऱ्याची तीन जणांनी तीन नावं सांगितली, आवाज चढले. आम्ही तिन्ही नावं पेन्सिलनं लिहून ठेवली. पेननं लिहिलं असतं तर वाद मिटला असता, खरं मिटलं नसतं.

आपल्या वस्तीवरची एक माउली आहे, नाव सांगत नाही. मालक जाऊन पंचवीस वर्षं झाली. घरात त्यांचा एकही फोटो नाही. त्या काळी कोण काढत होतं? म्हातारीनं सगळे कागद बघितले, काही बोलली नाही. उठता उठता म्हणाली, "त्यांनी कवा टाळ धरला? चुलीपाशी बगा." खरंच की, आमची सगळी निवडलेली चित्रं रथाची, पताकांची, विण्याची. भिशीचं एक नाही! पोरांनी दुपारच्या जेवणाच्या जागा शोधून पुढंमागं करून बघितल्या. आमटीच्या पातेल्यावर वाकलेला माणूस, धुरानं डोळे बारीक केलेला. चार सेकंद. यंत्राच्या पाच मिनिटांत ते कधीच सापडले नसते. चित्र मोठं करून दिलं. तिनं कागद डोक्याला लावला, मग म्हणाली, "लई वाळल्यात." एवढंच.

तिथपासून वहीत भिशीचं पान वेगळं केलं. ट्रकवर सामान चढवणारे, पाण्याचा टँकर ओढून आणणारे, पहाटे तंबू गुंडाळणारे, यांची चित्रं मुद्दाम शोधली. कॅमेरा धरणाऱ्यानं त्यांना घ्यायचं म्हणून कधी घेतलं नव्हतं, जाताजाता आले तेवढे आले.

डबा एक मठात आहे, त्याची नक्कल पुण्यात आहे. डबासुद्धा कधी बंद पडेल सांगता येत नाही. वही कागदाची आहे, तिला वीज लागत नाही. ज्यांच्या घरी अजून कॅसेटी असतील त्यांनी लावून बघायच्या फंदात न पडता आधी मठात आणून द्याव्यात. नक्कल झाली की मूळ कॅसेट परत मिळेल.

मुक्कामाला समाज आरती होते तेव्हा चोपदार दंड वर करतात, सगळी गर्दी गप होते आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. कुणाचा टाळ, कुणाची पडशी. तसे आमच्याकडं 23 चेहरे आहेत, अजून कुणीच ओळखलेले नाहीत. मंडपाच्या डाव्या अंगाला दोरीवर टांगलेत, खाली पेन्सिल बांधली आहे. महाप्रसाद झाल्यावर ट्रकमध्ये बसायच्या आधी तिकडून एक फेरी मारा. आजोळचे, सासरचे, कुणीही असू देत. लिहिता येत नसेल तर तिथल्या पोराला नाव सांगा. आणि चष्मा असेल तर घेऊन या.

राम कृष्ण हरि.