जयपूरची पाऊलवाट आणि पाणवाट



महाराष्ट्रातून जयपूरला जाणारी सहल बहुधा एकाच साच्याची असते. सकाळी आमेर, दुपारी हवामहल व जंतरमंतर, संध्याकाळी बाजार. आमेरच्या रस्त्यावर बस पाच मिनिटे थांबते, पाण्यात उभ्या असलेल्या जलमहालाचे छायाचित्र घेतले जाते आणि बस पुढे निघते. मुले घरी येऊन सांगतात की तिथे बेटावर राजवाडा आहे. मुरूडचा जंजिरा किंवा मालवणचा सिंधुदुर्ग पाहिलेल्या मुलाला तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु जलमहालाखाली कोणतेही नैसर्गिक बेट नाही. सरोवराच्या तळापासून उठलेली ती पाच मजली इमारत आहे. मानसागर काठोकाठ भरला म्हणजे तिचे चार मजले पाण्याखाली जातात आणि एकच वर उरतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, वाळवंटाच्या उंबरठ्यावर वसलेल्या नगरात एवढे पाणी आले कोठून, हा प्रश्न बसमध्ये कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर अरवलीच्या टेकड्यांवर पायी हिंडणाऱ्यालाच मिळते, कारण तेथील जुन्या पाऊलवाटा आणि पाण्याच्या वाटा एकमेकींच्या सोबतीने चालतात.

चालण्याचा आरंभ ब्रह्मपुरीपासून करावा. सवाई जयसिंहांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरचा पाया घातला. नगररचनेसाठी त्यांनी बंगाली विद्याधर भट्टाचार्यांची बुद्धी वापरली, तशी धर्मशास्त्र व ज्योतिषासाठी महाराष्ट्रीय विद्वानांची. रत्नाकर पुंडरीक हे त्यांचे गुरू. पुंडरीकांची हवेली ब्रह्मपुरीत आजही उभी आहे आणि तिच्या भिंतींवरील चित्रे पाहण्याजोगी आहेत. जगन्नाथ सम्राट हे दुसरे नाव. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष त्यांनी अरबीतून संस्कृतात आणले. जंतरमंतरावर गर्दी करणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी फारच थोड्यांची पावले या वस्तीकडे वळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

ब्रह्मपुरीच्या माथ्यावरील टेकडीवर गढगणेशाचे मंदिर आहे. पायऱ्या ३६५, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाची एक, असे सांगतात. अष्टविनायकाची सवय असलेल्या मराठी भाविकाला येथे एक नवल दिसते: या गणेशाला सोंड नाही, तो बालरूपातील गणेश मानला जातो. गाभाऱ्यात छायाचित्र काढू देत नाहीत, त्यामुळे मुले निदान तेथे तरी डोळ्यांनी पाहतात. बाहेर दोन पाषाणाचे उंदीर आहेत. त्यांच्या कानात लोक आपले मागणे सांगतात. दम घ्यायला थांबावे ते अंगणाच्या कठड्याशी. एका बाजूस जयपूरचे सरळ आखलेले रस्ते आणि चौक, दुसऱ्या बाजूस डोंगरांच्या कुशीत मानसागर व त्यातला चिमुकला जलमहाल. पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून कोठे जाते, याचा नकाशाच येथे उलगडतो.

दुसरी वाट नाहरगडाची. हा गड १७३४ चा. मोटाररस्ता आमेरच्या बाजूने लांब वळसा घालतो. परंतु जुन्या शहरातून वर जाणारी फरसबंदी वाट थेट, चांगलीच चढाची आणि सुमारे दोन किलोमीटरांची आहे. वर पोहोचल्यावर बहुतेक लोक माधवेंद्र भवनातील राण्यांचे नऊ महाल पाहतात. ते पाहावेतच; पण त्याआधी बावडीपाशी थांबावे. 'रंग दे बसंती' या चित्रपटामुळे तरुण मंडळी ही बावडी ओळखतात. ती चौकोनी नाही, गोलही नाही. डोंगर जसा वळला तशा तिच्या पायऱ्या वळल्या आहेत, कारण तिचे काम उतारावरून धावणारे पाणी जसे येईल तसे झेलण्याचे आहे. गडावर झरा नाही, नदी नाही. पावसाळ्यातील मोजक्या दिवसांचे पाणी चरांनी वळवून आणायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वर्षभर पुरवायचे. रायगडावरचा गंगासागर किंवा सिंहगडावरचे देवटाके पाहिलेल्यांना ही विद्या परकी वाटणार नाही.

हीच विद्या शेजारच्या जयगडावर अधिक भव्य झाली आहे. तेथे सुमारे चार किलोमीटरांवरून नहरींनी पाणी येते, आणि सर्वांत मोठ्या टाक्यात साठ लाख गॅलन पाणी मावते. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, या गडावर गुप्त खजिन्याचा सरकारी शोध झाला होता. खजिना सापडल्याचे जाहीर झाले नाही. प्रवासी मात्र अजूनही वाटाड्याला पहिला प्रश्न सोन्याचाच विचारतात आणि दुसरा जयबाण तोफेचा. टाक्यांपाशी त्यांचा पाय फारसा ठरत नाही.

डोंगरावरून उतरणारे उरलेले पाणी मानसागरात जाते. १५९६ मध्ये या प्रदेशात मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर आमेरच्या राजांनी दोन टेकड्यांमधील खिंडीत बांध घालून हे सरोवर निर्माण केले. जलमहाल नंतरचा. विस्तार सुमारे तीनशे एकर. विसाव्या शतकात शहर वाढले, आणि ब्रह्मपुरी व नागतलाई हे दोन नाले पावसाच्या पाण्याबरोबर शहराचे सांडपाणीही सरोवरात आणू लागले. ज्या ब्रह्मपुरीत पंचांगे सिद्ध होत होती, तिच्याच नावाचा नाला सरोवराला विटाळू लागला. पाण्याला दुर्गंधी सुटली, पक्षी विरळ झाले. या शतकाच्या आरंभी गाळ काढण्याचे, सांडपाणी वळवून शुद्ध करण्याचे आणि पक्ष्यांच्या घरट्यांसाठी सरोवरात पाच लहान बेटे रचण्याचे काम झाले. म्हणजे मानसागरात खरोखरीची बेटे आहेत, पण ती पाखरांची. थंडीच्या सकाळी पाळीवर उभे राहिले तर बदके दिसतात, कधी रोहित दिसतो, आणि काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी पक्षी तर हमखास. महालात प्रवेश नाही. तो काठावरूनच पाहायचा.

सरोवर सुधारले, ही गोष्ट मुलांना सांगावी. परंतु तिच्या शेजारी रामगढची गोष्टही सांगायला हवी, नाही तर चित्र खोटे ठरेल. जयपूरच्या ईशान्येस सुमारे तीस किलोमीटरांवर बाणगंगा नदीवरचे हे धरण. या शहराने कित्येक दशके याचेच पाणी प्यायले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन याच जलाशयावर झाले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आत तो कोरडा पडला. पाणलोटक्षेत्रात ठिकठिकाणी बांध व बांधकामे उभी राहिली आणि नदीचे येणेच खुंटले. आज जयपूरची तहान शंभरहून अधिक किलोमीटरांवरच्या बिसलपूर धरणातून, बनास नदीच्या पाण्याने भागते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे ज्यांना आठवते त्यांना या अंतराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार व्यावहारिक सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चालण्यास उत्तम. पाणी मात्र पाहायचे तर पाऊस सरल्या सरल्या जावे. गढगणेश आणि नाहरगड एकाच दिवशी करू नयेत, लहान मुले सोबत असतील तर मुळीच नको. माकडे हातातील पिशवी ओढतात. नाहरगडाचा परिसर अभयारण्य आहे आणि तेथे बिबट्याचा वावर आहे. म्हणून फरसबंदी सोडून आडवाटेने जाऊ नये आणि सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे. एक दिवस हाताशी उरला तर सूरजपोलमधून टेकडी चढून पलीकडे गलत्याला उतरावे. तेथे डोंगरातून येणारे पाणी गोमुखातून कुंडात पडते, आणि कुंडाच्या काठी बसून डबा खाता येतो. फक्त माकडांना तो दिसता कामा नये.