लघवीचा रंग : आरोग्याची एक खूण



लघवीविषयी चारचौघांत बोलावयाचे नाही, असा आपल्या समाजात संकेत आहे. या संकोचामुळे आजाराची पहिली खूण दिसूनही रोगी ती कोणाला सांगत नाही. वस्तुतः भारतीय वैद्यकाने हा विषय कधीच वर्ज्य मानला नाही. आयुर्वेदात प्रमेहाचे २० प्रकार सांगितले असून नीलमेह, हारिद्रमेह, मांजिष्ठमेह ही त्यांतील काहींची नावे लघवीच्या रंगावरूनच पडलेली आहेत.

मनुष्याची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात शोषला जातो व दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर पडते. तिचा पिवळेपणा रक्तातूनच येतो. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या नष्ट झाल्या म्हणजे त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पित्तातील रंगद्रव्य तयार होते. यकृत ते आतड्यात सोडते, तेथील जंतू त्याचे रूपांतर करतात आणि त्याचा काही अंश लघवीतून जातो. हे रूपांतर घडविणारे जंतूंमधील विकर शास्त्रज्ञांना २०२४ साली गवसले.

पाण्याची कमतरता

निरोगी माणसाची लघवी फिकट पिवळी असते. ती गडद पिवळी झाल्यास बहुधा शरीराला पाणी कमी पडत आहे, असे समजावे. उन्हात राबणारे ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरील मजूर आणि रोजगार हमीच्या कामावरील स्त्रीपुरुष यांच्या बाबतीत ही खूण विशेष महत्त्वाची होय. सतत पाणी कमी पिण्याने मूतखडा होण्याचा संभव वाढतो. शाळेत स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृह नसेल, तर मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात आणि लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग उद्भवू शकतो. शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी या गोष्टीकडे जातीने लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

कावीळ : गावासाठी इशारा

कोऱ्या चहासारखी काळपट लघवी हे काविळीचे लक्षण असू शकते. यकृताला सूज आली म्हणजे बिलिरुबिन रक्तात साठते व लघवीत उतरते. पुष्कळदा डोळे पिवळे होण्याच्या काही दिवस आधीच ही खूण दिसू लागते. अशा वेळी माळ घालणे किंवा कावीळ उतरविणे यांत बहुमोल दिवस वाया जातात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय मात्र माळेला मिळते. पण हिपॅटायटिस ‘ई’ या प्रकारात गर्भवती स्त्रीच्या जिवाला मोठा धोका असतो. तिच्या बाबतीत एका दिवसाचाही विलंब परवडणारा नाही.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही साथ हिपॅटायटिस ‘ई’ ची असल्याचे पुढे निष्पन्न झाले. दूषित पाणी प्यायल्यानंतर काही आठवड्यांनी हा रोग प्रकट होतो. म्हणून एकाच विहिरीचे वा नळाचे पाणी पिणाऱ्या दोनतीन घरांत अशी लघवी होत असल्याचे कळताच ग्रामपंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. जलवाहिनीची गळती शोधावी, टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकली जाते की नाही ते ओ.टी. चाचणीने तपासावे आणि लोकांना पाणी उकळून पिण्यास सांगावे.

लाल रंग : भीती कोठे, निश्चिंती कोठे?

बीट खाल्ल्याने काहींची लघवी लालसर होते. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ती भडक पिवळी होते. क्षयरोगावरील रिफाम्पिसीन या औषधाने तिला नारिंगी-तांबडा रंग येतो. या रंगाने अपाय होत नाही. परंतु पूर्वकल्पना नसलेला रोगी रक्त जाते असे समजून औषध बंद करतो आणि मग क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका निर्माण होतो. औषध देतानाच रोग्याला दोन शब्द समजावून सांगितले, तर हा अनर्थ टळतो.

याउलट असे कारण नसताना लघवी लाल झाल्यास ते रक्त समजून तपासणी करून घ्यावी. मूतखडा वा जंतुसंसर्ग हे त्याचे कारण असू शकते. उतारवयात, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या लघवीतून वेदना न होता रक्त गेल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. रक्त एकदाच जाऊन थांबले, तरी तपासणी टाळू नये. मुलाचा घसा सुजल्यावर किंवा अंगावर पुवाचे फोड येऊन गेल्यावर काही आठवड्यांत लघवी कोलासारखी तपकिरी होऊन चेहरा सुजला, तर मूत्रपिंडांना सूज आलेली असू शकते. घोणस चावल्यानंतर लघवीत रक्त दिसणे हे तर गंभीर विषबाधेचे चिन्ह होय. अशा रोग्यास तत्काळ रुग्णालयात हलवावे.

रंगाची मर्यादा

तथापि लघवी स्वच्छ दिसते म्हणून प्रकृती निर्दोष आहे, असे मानता येत नाही. मधुमेहात अथवा मूत्रपिंडाच्या विकारात प्रारंभी रंग अगदी नेहमीसारखा असू शकतो. लघवीतील साखर आणि प्रथिने डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा शोध तपासणीतूनच लागतो. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वेळोवेळी लघवी तपासून घेणे इष्ट ठरेल.

रंग हे निदान नव्हे, ती केवळ सूचना आहे. ती वेळीच ओळखून योग्य ठिकाणी पोचविण्याचे काम शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य सहज करू शकतात. त्यासाठी पैसा लागत नाही, संकोच मात्र सोडावा लागतो.