सालगडी ठरवताना महिन्याची पारख



पेरणीआधी आपण सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात घालून पाहतो. ७० उगवले तर बियाणे पेरणीजोगे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो, मगच पैसे मोजतो. पण पाडव्याला सालगडी ठरवताना काय करतो? ओट्यावर चहा होतो, सालाचा आकडा ठरतो, निम्मी उचल हातात पडते आणि वर्षाचा सौदा पक्का. त्याचे काम आपण पाहिलेले नसते अन् त्यानेही आपले घर पाहिलेले नसते.

माझ्या भागातल्या एका शेतकऱ्याचा सालगडी ऐन पेरणीत काम सोडून गेला. मालक म्हणाले, "उचल बुडवली." मी गड्याला विचारले. तो म्हणाला, "साहेब, साल माझं ठरलं होतं. बायकोनं रोज गोठा साफ करायचा, हे कुणी बोललं नव्हतं." खोटे कुणीच बोलत नव्हते, बोलणेच अपुरे राहिले होते. ते चैत्रात उघड झाले असते तर निभावले असते. उघड झाले ते पेरणीत.

म्हणून सांगणे असे, की पाडव्याला साल पक्के करू नका. पाडवा ते अक्षय्य तृतीया हा महिना पारखीचा ठेवा. मृगाला तेव्हा अवकाश असतो. त्यासाठी एवढे करा :

१) कामे आधी सांगा. धारा, वैरण, रात्रीचे पाणी, जे असेल ते. घरच्या बाईकडून काम हवे असेल तर तिची मजुरी वेगळी ठरवा. दोन कागदांवर लिहा. एक त्याच्याजवळ राहू द्या.

२) पारखीचा महिना फुकटचा नव्हे. मजुरी पूर्ण द्या, शासनाने ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी नको, आणि दर आठवड्याला बाजाराच्या आधी हातात द्या.

३) मोठी उचल पहिल्याच दिवशी देऊ नका. नड असेल तर थोडी द्या आणि लिहून ठेवा. "उचल फिटेपर्यंत हलायचं नाही" म्हणून माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

४) मोटारीचा स्टार्टर आणि फवारणीचा पंप यांवर पारख करू नका. आधी शेजारी उभे राहून शिकवा. इथली चूक जिवावर बेतते.

५) पाहायचे ते हे : जनावर वैरण खाईना किंवा बारे फुटले, तर गडी येऊन सांगतो की लपवतो? सरी धरणे, पाणी देणे शिकवता येते. हा गुण मात्र अंगचा असावा लागतो.

६) पंधराव्या दिवशी समोरासमोर बसा. जमत नसेल तर तेव्हाच सांगा. पाडव्यानंतर बहुतेकांचे गडी ठरून जातात. महिनाभर आशेवर ठेवून नाही म्हटले तर त्याचे वर्ष वाया जाते.

आणि बंधूंनो, या महिन्यात तोही आपल्याला पाहत असतो. भाकर वेळेवर येते का, बोलल्याप्रमाणे पैसे मिळतात का, आजारपणात सुट्टी मिळते का, हे त्याच्या ध्यानात राहते. अक्षय्य तृतीयेला दोघांनीही हो म्हटले तर साल पक्के करा, आणि ते पाडव्यापासूनच धरा. असा ठरलेला गडी पेरणीत सहसा सोडून जात नाही.