भोंगा वाजला, पुढे काय?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी आधीच्या वक्त्यांनी छान सांगितल्या. मला कमिटीची आज्ञा झाली की, काका, तुम्ही काहीतरी उपयोगाचं बोला. म्हणून जेवणाआधी थोडा वेळ घेतो. विषय आहे धोक्याची सूचना.

२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ आपल्या जळगाव जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या दरम्यान, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली. घाबरलेली माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि भरधाव आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. किमान १२ जीव गेले. आग मात्र नव्हतीच.

विचार करा. ‘आग’ हा एक शब्द क्षणात पोचला. खरं की खोटं, उतरायचं की नाही, उतरायचं तर कुठल्या बाजूने, हे पोचलं नाही. अर्धी सूचना ही कधी कधी सूचना नसण्यापेक्षा वाईट असते.

आमच्या लहानपणी गावात कोतवाल दवंडी द्यायचा. आधी डफ वाजायचा, म्हणजे लोकांचे कान टवकारायचे. मग ‘ऐका हो ऐका’. मग निरोप कोणाचा, काय झालं आणि काय करायचं. पुढच्या गल्लीत पुन्हा तेच. आज उपकरणं बदलली, पण चांगल्या सूचनेची कृती तीच आहे.

२० जुलै २०२३ ला सकाळी आपल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम मोठ्याने वाजले होते, आठवतं? ती सरकारची चाचणी होती. ह्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरवर जातो, त्याला वेळ लागतो. हा संदेश टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी उतरतो. पूर जिथे येणार तेवढ्याच भागाला सावध करता येतं. तंत्र उत्तम आहे.

पण त्याच्या आदल्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. इकडे आपले फोन वाजत होते, तेव्हा तिकडे लोक ढिगारा उपसत होते. ती वाडी धोक्याच्या गावांच्या यादीतच नव्हती. यादीत नाव नाही तर सूचना कोणाला पाठवणार? म्हणजे यंत्राच्या आधीचं काम आणि यंत्राच्या नंतरचं काम, दोन्ही माणसांचंच.

ओडिशाने हे करून दाखवलं. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं दगावली. २०१३ मध्ये फायलिन वादळ आलं, तेव्हा बळी काही डझनांवर थांबले. हवामान खात्याचा अंदाज होताच. पण आधीच बांधलेले निवारे होते आणि लाखो लोकांना वेळेत हलवलं गेलं. सूचना आणि जायची जागा, दोन्ही तयार होती.

आपल्याकडे हतनूरचे ४१ दरवाजे आहेत. पाणी सोडायचं ठरलं की तापीकाठच्या गावांना सांगायला थोडा तरी वेळ मिळतो. धुळ्याला अक्कलपाड्याचं पाणी पांझरेत येतं, त्याचंही तसंच. पण ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या फुगल्या, घरादारांत पाणी शिरलं, गुरंढोरं वाहून गेली. डोंगरातल्या पाण्याला दरवाजा नसतो. तिथे वरच्या गावाने खालच्या गावाला कळवणं हाच खरा भोंगा. त्यासाठी गावागावांत ठरलेली माणसं, ठरलेले नंबर हवेत. आणि लाऊडस्पीकरवरचा निरोप सरकारी भाषेत नको, अहिराणीत द्या. म्हातारीलाही कळला पाहिजे.

बँकेतला एक अनुभव सांगतो. मी होतो त्या एका शाखेचा अलार्म उंदरांमुळे वारंवार वाजायचा. पुढे पुढे शेजारचे दुकानदार मान वर करून बघेनासे झाले. खोटा भोंगा खऱ्या भोंग्याची पत घालवतो. पत गेली की काय होतं ते बँकवाल्याला विचारा! म्हणून भोंगे वेळच्या वेळी तपासले पाहिजेत, चाचणी आधी जाहीर केली पाहिजे आणि धोका टळला की ‘टळला’ हेही त्याच तत्परतेने सांगितलं पाहिजे.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण चाळिशी-पन्नाशीत होतो. आज कित्येक फ्लॅटमध्ये फक्त आजी-आजोबा आहेत, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. कोणाला ऐकू कमी येतं, कोणाचा गुडघा जिना उतरू देत नाही. रात्री दोनला मीटर बॉक्सला आग लागली तर व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज ते बघणार कधी?

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त चार गोष्टी मागतो. एक, प्रत्येक मजल्यावर एक माणूस नेमा, तो शेजारच्या ज्येष्ठांचं दार ठोठावेल. दोन, एकच घंटा, एकच जमायची जागा, आणि वर्षातून दोनदा सराव. तीन, ग्रुपवर धोक्याचा मेसेज टाकताना कोणी पाहिलं, कुठे, किती वाजता आणि काय करायचं, एवढं लिहा. नुसतं फॉरवर्ड नको. चार, ११२ हा नंबर लिफ्टशेजारी मोठ्या अक्षरात लावा आणि नातवंडांकडून पाठ करून घ्या.

खर्च म्हणाल तर आजच्या मंडपाच्या भाड्याइतकासुद्धा नाही. पहिला सराव येत्या महिन्यातच घ्यावा, अशी चेअरमन साहेबांना विनंती. आमच्या मजल्याची जबाबदारी मी घेतो. पाय चालतात तोवर दारं मी ठोठावीन, पुढे कोणी तरुणाने माझंही दार ठोठवावं.

चला, जेवण तयार आहे. वांग्याचं भरीत थंड होऊ देऊ नका.