एका दिवसात गोमंतक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे केलेले भाषण)



गेल्या महिन्यात याच व्यासपीठावरून आपल्या मंडळातील एका दांपत्याने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या सफरीची चित्रे दाखविली. नीस, कान, माँते कार्लो; सोबत वाटाड्या, दुपारचे जेवण आणि संध्याकाळी मुक्कामावर परत. भूमध्य समुद्राचा तो निळा रंग पाहून आपल्यापैकी कित्येकांनी सुस्कारे टाकलेले आम्ही ऐकले. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे काढलेला माणूसही परदेशी जाऊन आलेलाच असणार, अशा समजुतीने चिटणिसांनी यानंतरचे भाषण आमच्या गळ्यात घातले. वस्तुस्थिती अशी, की आम्ही त्या किनाऱ्यावर गेलेलो नाही. आम्ही गेलो तो गोव्याला. परंतु तेथेही एका दिवसात किनारा दाखविणारी बस असते, वाटाड्या असतो आणि घड्याळही असते. त्या एका दिवसाची हकीकत सांगण्याची अनुज्ञा असावी.

प्रवासाला निमित्त झाले ते आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या ट्रंकेतील एका खणाचे. आमची कुलदेवता कवळ्याची श्रीशांतादुर्गा. आजोबा नोकरीनिमित्त दिल्लीस आले ते येथेच राहिले. १९५५ साली आजीने देवीची ओटी भरावयाची म्हणून हिरव्या रंगाचा, लाल काठाचा एक गुळेदगुडी खण घेऊन ठेवला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या, सरहद्द बंद झाली, रेल्वेही थांबली. खण ट्रंकेत गेला. आत्याबाई त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. पुढे आजी गेली. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतर आम्हां कोणालाही कोणी अडविले नव्हते. दर चार वर्षांनी सरकार आम्हांला रजा प्रवास सवलत देत होते. तिच्यावर आम्ही काश्मीर पाहिले, अंदमान पाहिले, कन्याकुमारी पाहिली. आत्याबाई दर उन्हाळ्यात खणाला ऊन दाखवून, नव्या डांबराच्या गोळ्या घालून तो पुन्हा ट्रंकेत ठेवीत. त्यांनी कधी मागणे केले नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही.

२०२४ च्या जानेवारीत त्यांनी खण काढून आमच्या पत्नीच्या हाती दिला. "माझ्याने आता दोन रात्री गाडीत बसवणार नाही. तुम्ही तरी जा," एवढेच त्या बोलल्या.

येथे सरकारी नोकरांना समजेल अशी एक गोष्ट सांगतो. सेवापुस्तिकेत 'मूळगाव' असा एक रकाना असतो. नोकरीस लागताना आम्ही त्यात 'नवी दिल्ली' असे लिहिले. त्या वेळी चोविसाव्या वर्षी दुसरे काही सुचलेही नाही. त्यामुळे कुलदेवतेच्या दर्शनाला जाण्यासाठी आम्हांला अर्ज करावा लागला तो 'भारतात कोठेही' या सदराखाली.

निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने आम्ही उभयता निघालो. पणजीत उतरण्याची सोय झाली. दुसऱ्या दिवशी एका प्रवासी कंपनीच्या बसची तिकिटे काढली. तिच्या छापील कार्यक्रमात दोनापावला, जुने गोवे, मंगेशी, शांतादुर्गा, कोलवा असा क्रम होता. स्वतंत्र मोटारीचे भाडे विचारून पाहिले होते. ते ऐकून बसच बरी वाटली. हा काटकसरीपणा पुढे अंगाशी आला.

सकाळी बस मांडवीच्या काठाने निघाली. वाटाड्या पंचविशीचा, चुणचुणीत तरुण होता. हाती ध्वनिक्षेपक, तोंडी हिंदी. नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी दाखवून तो म्हणाला, की हे हिंदुस्थानचे माँते कार्लो. बसमध्ये टाळ्या पडल्या. त्या उपमेत त्याला ठाऊक नसलेले आणखी एक साम्य आहे. मोनॅकोच्या नागरिकांना त्यांच्या स्वतःच्या जुगारखान्यात खेळण्यास मनाई आहे, आणि २०२० पासून गोमंतकीयांनाही त्यांच्या नदीतल्या या बोटींवर जुगार खेळता येत नाही. घर आपले आणि खेळ पाहुण्यांचा, हा न्याय दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच दिसतो.

जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. हात पसरून उभा असलेला धर्मोपदेशक आणि त्याच्या पुढ्यात कोसळणारी स्त्री. "ये जादूगर था," एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण झाली आणि बस पुढे गेली. हा फारिया कांदोळीस १७५६ साली जन्मला, बापाबरोबर लिस्बनला आणि रोमला गेला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसमध्ये राहिला. संमोहन घडते ते कोणा अदृश्य द्रवामुळे नव्हे, तर समोरच्याच्या मनाला दिलेल्या सूचनेमुळे, असे त्याने युरोपला सांगितले. लिस्बनच्या राजवाड्यात राणीपुढे प्रवचन करताना तो गोंधळला, तेव्हा खाली बसलेल्या बापाने हळूच कोंकणीत "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" असे सांगून त्याला धीर दिला, अशी आख्यायिका गोव्यात घरोघर ठाऊक आहे. याच फारियाने काही काळ मार्सेलिसला तत्त्वज्ञान शिकविले, आणि पुढे फ्रेंच कादंबरीकार द्यूमा याने त्याचेच नाव आपल्या एका कैद्याला देऊन त्याला मार्सेलिससमोरच्या बेटावरील किल्ल्यात कोंडले. मराठी माणसाला मार्सेलिस म्हटले की ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून घेतलेली उडी आठवते. त्याच बंदरात त्यापूर्वी शंभर वर्षे एक कांदोळकर शिकवीत होता, हे आम्हांलाही पन्नाशी उलटल्यावर कळले. तेव्हा वाटाड्याला हसण्याचा अधिकार आम्हांला फारसा नाही.

दोनापावलाला 'एक दुजे के लिए' या १९८१ सालच्या चित्रपटाची कथा झाली. खडकावरील जोडशिल्प हे कड्यावरून उडी घेतलेल्या प्रेमिकांचे, असेही सांगण्यात आले. वस्तुतः ते १९६९ साली एका परदेशी शिल्पकर्तीने घडविलेले असून त्याचा त्या दंतकथेशी संबंध नाही. टोप्या, काजू आणि छायाचित्रे यांत तेथे दीड तास गेला. जुन्या गोव्याला सेंट झेवियरचे दर्शन घाईने आटोपले. मंगेशीला सात मजली दीपमाळेपुढे लोकांनी छायाचित्रे घेतली. मास्टर दीनानाथ आणि लतादीदी यांची नावे ऐकताच सर्वांनी हात जोडले, तेवढी पाच मिनिटे फार चांगली गेली. मार्दोळच्या म्हाळसेचे देऊळ बसमधूनच दिसले.

फर्मागुडीच्या चढावर वाटाड्याने जाहीर केले, की उशीर झाल्यामुळे शांतादुर्गेला थांबता येणार नाही. देऊळ मंगेशीसारखेच आहे, आणि कोलव्याला सूर्यास्त गाठावयाचा आहे.

आमच्या पत्नीने काही न बोलता पिशवीतला खण काढून मांडीवर ठेवला. आम्ही उठलो, छापील कार्यक्रम दाखविला, नियमावर बोट ठेवले. कचेरीत बोलतो तसे बोललो. कचेरीत त्याचा उपयोग होतो तेवढाच येथे झाला. वाटाड्या म्हणाला, बाकीच्या मंडळींना विचारा. मागे कुरबूर सुरू झाली, कोणाला भूक लागली होती, कोणाला समुद्र हवा होता. तेवढ्यात मागल्या बाकावरील राजौरी गार्डनच्या एका पंजाबी आजीबाईंनी खण पाहिला. तो कोणाचा, केव्हाचा, हे त्यांनी आमच्या पत्नीला विचारून घेतले आणि मग साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माता के द्वार से बिना उतरे कौन जाता है, भैया?" त्यांच्या दोन धिप्पाड मुलांनी मान डोलावली. प्रश्न मिटला. वीस मिनिटे मिळाली.

कवळ्याचे देऊळ आज उभे आहे ते शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, १७३८ च्या सुमारास, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभारले गेले. पुढे तळी, बाजूला अग्रशाळा, वर उतरती कौलारू छपरे, आत हंड्या-झुंबरे. आम्ही जवळजवळ धावतच आत गेलो. गाभाऱ्यापुढे पुजाऱ्यांनी ओटीचे तबक घेतले, जुना खण पाहून क्षणभर थांबले आणि आम्हांला विचारले, "तुमी खंयचे?"

बंधुभगिनींनो, प्रश्न साधा होता. आमच्या तोंडी 'रामकृष्णपुरम, सेक्टर...' इतके आले आणि तेथेच अडकले. सेवापुस्तिकेतला तो रकाना डोळ्यांपुढे आला. उत्तर दिले ते आमच्या पत्नीने, ज्यांचे माहेर नागपूरचे. त्या म्हणाल्या, "केळशीचे." निघताना आत्याबाईंनी त्यांच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले होते. पुजारी हसले, मराठीत म्हणाले, "म्हणजे देवीच्या गावचेच," आणि खण त्यांनी वरच्यावर न ठेवता आत नेला. आरती नव्हती, अभिषेक नव्हता. बसचा भोंगा दोनदा वाजला. आम्ही तेथे अकरा मिनिटे उभे होतो. परतताना घड्याळ पाहिले म्हणून सांगता येते.

बसमध्ये चढलो तेव्हा वाटाड्याने हलक्या आवाजात, चक्क मराठीत विचारले, "सर, मराठी बोलता तर सकाळीच का नाही सांगितले?" आम्ही सकाळपासून त्याच्याशी हिंदीतच बोलत होतो. दिल्लीची सवय.

कोलव्याला सूर्यास्त मिळाला. वाळू पांढरी, समुद्र शांत. नीसचा किनारा गोट्यांचा आहे असे गेल्या महिन्यात ऐकले, तेव्हा या बाबतीत गोवा सरस म्हणावयास हरकत नाही. परतीच्या वाटेवर सारी बस पेंगत होती. ध्वनिक्षेपक बाजूला ठेवून तो तरुण आमच्या शेजारच्या आसनावर येऊन बसला. तो सत्तरीचा, मराठी शाळेत शिकलेला, आणि आमच्यासारखाच बी.ए.; विषय इतिहास. मग सकाळपासून हे असे का सांगतोस, असे आम्ही जरा चढ्या स्वरातच विचारले. तो म्हणाला, पहिल्या वर्षी खरे ते सांगत होतो. राशोलला १६१६ साली फादर स्टीफन्सने मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापले, हेही सांगत होतो. माणसे झोपत. मालक म्हणाले, पिक्चरचे सांग. "तुमच्या दिल्लीहून मराठी माणसे येतात, सर. तीही कॅसिनोचे तिकीट किती, एवढेच विचारतात."

यावर आम्ही काय बोलणार?

वेर्णे आले तेव्हा त्याने खिडकीबाहेर बोट केले. दिवेलागण झाली होती. म्हणाला, दुपारी मार्दोळला जी म्हाळसा पाहिलीत ती मूळची येथली. थोडे पुढे गेल्यावर म्हणाला, ही केळशीची बाजू, तुमची देवी येथली. आणि ही कुठ्ठाळी, मंगेश येथला. सोळाव्या शतकात, १५६० नंतरच्या काही वर्षांत, साष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी देव उचलले, झुवारी ओलांडली आणि पोर्तुगिजांची सत्ता नव्हती त्या अंत्रूज महालात नेऊन ठेवले. दुपारी जी तीन देवळे आम्ही ओळीने पाहिली, त्या तिन्ही देवांची मूळ गावे संध्याकाळी त्याच बसने ओळीने मागे टाकीत होतो. सकाळपासून सांगण्यासारखे होते ते हेच, आणि ते या पोराला तोंडपाठ होते.

केळशी म्हणून आम्ही पाहिले ते माडांचे काळे आकार आणि दोनचार दिवे. गाडी थांबविण्याची विनंती करावी असे मनात आले, पण त्या दिवशीचे आमचे मागणे संपले होते. २०२२ च्या डिसेंबरात खुल्या झालेल्या नव्या पुलावर बस चढली, दोरखंडांचे दिवे झगमगले, मागची मंडळी जागी होऊन छायाचित्रे काढू लागली, आणि वाटाड्या ध्वनिक्षेपक घेऊन पुढे गेला.

दिल्लीस परतल्यावर आत्याबाईंच्या हाती प्रसादाचा नारळ दिला. देऊळ कसे, गर्दी किती, हे त्यांनी काही विचारले नाही. ट्रंक उघडून खणाची रिकामी जागा एकदा पाहिली आणि विचारले, "केळशी दिसली का?"

आम्ही सांगितले, "दिसली. पण अंधार होता."

"मग पुन्हा गेले पाहिजे," त्या म्हणाल्या. येत्या मार्गशीर्षात विमानाने न्यावे असे ठरत आहे. आत्याबाईंनी अद्याप विमान पाहिलेले नाही. खिडकीजवळची जागा हवी, एवढी एकच अट त्यांनी घातली आहे. या वेळी बसने जाणार नाही, मोटारीचे भाडे विचारून ठेवले आहे. त्या तरुणाचा दूरध्वनी क्रमांकही आमच्यापाशी आहे. आपल्यापैकी कोणी गोव्याला निघाले तर अवश्य मागून घ्यावा. त्याच्याशी मात्र पहिल्यापासून मराठीत बोलावे.